समोरच्याला काय हवंय? टेबलटॉप आरपीजीमधला प्रसंग रचण्याची रीत

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आमच्या कर्वेनगरच्या घरी खेळ बसला होता. टेबलटॉप आरपीजीचा, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फाशांच्या मदतीने गोष्ट खेळायची. गॅलरीत ओल्या छत्र्या, टेबलावर कांदाभजी आणि चौकोन आखलेल्या कागदावर दहा गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. लढाई सुरू होऊन अडीच तास झाले होते. सहा गॉब्लिन पडले होते, चार शिल्लक होते आणि ज्याची पाळी येईल त्याच्या तोंडी तेच वाक्य होतं, "मी मारतो. पंधरा. लागलं का?" माझी तेरा वर्षांची पुतणी त्या दिवशी पहिल्यांदाच खेळायला बसली होती. तिने फासा मुठीत धरून ठेवला आणि विचारलं, "काका, पण ह्यांना आम्हाला मारायचंच का आहे?"

मी थांबलो. गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसतात तो आकडा) मला तोंडपाठ होते, त्यांच्या तलवारीला किती फासे ते माहीत होतं, पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळनंतर मी प्रसंग रचायची पद्धतच बदलली. ती इथे पहिल्यापासून सांगतो. जो नुकताच डीएम झालाय, म्हणजे खेळ मांडणारा आणि समोरच्या सगळ्यांच्या वतीने खेळणारा, किंवा वर्षभर डीएमगिरी करूनही ज्याच्या लढाया लांबत जातात, त्याच्यासाठी हे लिहितोय.

शब्दाबद्दल थोडं. इंग्रजी पुस्तकांत याला एन्काउंटर म्हणतात. आपल्याकडे तो शब्द ऐकला की पोलिसांची चकमक आठवते आणि नवा डीएम आपसूक फक्त मारामारीच रचत बसतो. आमच्या टेबलावर आम्ही 'प्रसंग' म्हणतो. वाटेत उभा राहिलेला म्हातारा हाही प्रसंग, बंद दरवाजा हाही प्रसंग आणि दहा गॉब्लिन हाही प्रसंगच.

आकडे मी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे देतोय, कारण पुण्यात बहुतेक टेबलांवर मला तीच दिसते. मूळ खेळ १९७४चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा. पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि तिचे सुधारित नियम २०२४मध्ये. पुस्तकं महाग वाटत असतील तर अडून बसू नका. जानेवारी २०२३मध्ये या आवृत्तीचा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. मूळ नियम आणि भरपूर राक्षस त्यात फुकट आणि कायदेशीर मिळतात. सुरुवातीला तेवढे पुरतात.

पहिली पायरी: गरज एका वाक्यात लिहा

कागदाच्या डोक्यावर एकच वाक्य लिहायचं: 'अमक्याला अमुक हवंय, कारण तमुक.' हे वाक्य झाल्याशिवाय राक्षसांचं पुस्तक उघडायचं नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. 'पार्टीला (म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला) ठार मारायचंय' हे उत्तर चालत नाही. फार थोड्या जिवांना ते खरोखर हवं असतं.

लांडग्यांचा कळप घ्या. त्यांना भूक लागली आहे, त्यांचं लक्ष पार्टीच्या खेचरावर आहे. खेचर सोडून दिलं तर लांडगे त्याच्यामागे जातील, पार्टी वाचेल, पण सामान पुढे कोण वाहणार? एका ओळीच्या गरजेतून हा पेच आपोआप तयार झाला. बिबट्याचं तसंच. जुन्नरकडच्या उसात मादी पिल्लं घालते आणि ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. रात्री उसातून वाट काढणाऱ्या पार्टीसमोर गुरगुरणारी मादी उभी करा. तिला एवढंच हवंय की तुम्ही पिल्लांपासून लांब जावं. पिल्लं कुठे आहेत हे मात्र खेळाडूंना माहीत नाही, त्यामुळे कुठल्या दिशेला मागे सरायचं हे त्यांना तिच्या वागण्यावरून ओळखावं लागतं. तलवार न उपसता अर्धा तास टेबल श्वास रोखून बसतं.

गडाच्या चढणीवर मेटं असत, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या. मेटावरच्या पहारेकऱ्याला काय हवं असेल? पहाटे दुसरी तुकडी येईपर्यंत काही घडू नये, एवढंच. त्याला गुंगवता येतं, घाबरवता येतं, दोन घटका गप्पांत अडकवता येतं. आणि ज्यांना मनच नाही ते हाडांचे सापळे? त्यांची गरज म्हणजे त्यांना उठवणाऱ्याने दिलेला हुकूम. 'या दारातून कुणी जाऊ नये' असा हुकूम असेल तर दाराला हात लागेपर्यंत सापळे हलणार नाहीत. खेळाडूंच्या हे लक्षात आलं की ते भिंत फोडायचा विचार करू लागतात आणि तो क्षण बघण्यासारखा असतो.

आता एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधू. हा मी खरोखर खेळवलेला आहे.

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जाचे रोखे, गहाणखतं, वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून शाळेच्या इतिहासात आपण ते वाचलेलं असतं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसून राहिली होती: लोक आले ते कागदांसाठी. मी ती उचलली आणि एका काल्पनिक शहरात नेली. तिथे एका म्होरकीच्या पुढाकाराने काही गावकऱ्यांनी सावकाराच्या वाड्यातून वह्यांची चार पोती पळवली आहेत. वह्या त्यांना जाळायच्या नाहीत, न्यायाधीशापुढे ठेवायच्या आहेत, कारण त्यांत खोटे अंगठे उठवलेले आहेत. सावकाराला वह्या परत हव्यात आणि त्यासाठी त्याने पार्टीला पैसे दिलेत. म्हणून माझ्या कागदावर दोन वाक्यं आली: 'म्होरकीला वह्या कोरड्या बाहेर काढायच्यात, कारण तेवढाच पुरावा आहे.' 'पार्टीला वह्या कोरड्या परत न्यायच्यात, कारण भिजलेल्या वह्यांचे पैसे मिळणार नाहीत.'

दोघांना एकच वस्तू हवी आहे आणि ती दोघांनाही कोरडीच हवी आहे. हा 'कोरडी' शब्द पुढे फार कामाला आला.

दुसरी पायरी: जागा पायाने शोधा

पुण्यात राहणाऱ्या डीएमला जागा कल्पनेतून काढायची गरज नाही. चार तास मोकळे काढा, वही घ्या आणि चाला.

लोहगडावर जा. वर चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागतात. वाट नागमोडी आहे आणि खालच्या दरवाजाशी उभा असलेला माणूस वरच्या तटावरून सतत दिसत राहतो. कुठल्याही वळणावर थांबून मान वर करून बघा, म्हणजे उंचीचा फायदा काय असतो ते अंगावर येतं. शिवकालीन गडांची गोमुखी बांधणीही नीट पाहावी: दोन बुरुजांच्या कुशीत दरवाजा असा लपवलेला की समोरून तो दिसत नाही, हत्तीला धाव घ्यायला जागा मिळत नाही आणि आत वळलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा होतो. दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, तटात जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आणि संकटात निसटायला एखादी चोरदिंडी. प्रसंगाचा नकाशा याहून चांगला कुणी शिकवणार नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळेसुद्धा तुम्हाला एक गोष्ट सांगतात: हा दरवाजा ज्याने बसवला त्याला हत्तीची भीती होती. तुमच्या गुहेच्या, वाड्याच्या, बुरुजाच्या मालकाला कशाची भीती आहे? त्याने तशीच जागा बांधलेली असणार.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर घरापासून जवळ. गोल नंदीमंडपाचे ठेंगणे, जाड खांब बघा. खांबाआड माणूस पूर्ण लपतो, पण दोन पावलं सरकलं की उघडा पडतो. आडोसा कसा चालतो हे नवख्या खेळाडूला मी नियम वाचून समजावत नाही, या मंडपाची आठवण करून देतो.

वह्यांच्या प्रसंगासाठी मी कात्रजचा भुयारी नळ घेतला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणि शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणण्यासाठी हा बांधला. वाटेत गाळ खाली बसावा म्हणून हौद आणि हवा खेळावी, साफसफाई करता यावी म्हणून वर उघडणारे उच्छ्वास. पेठांमधल्या जुन्या लोकांना या हौदांच्या आठवणी अजून आहेत. मला हवं ते सगळं यात होतं: अरुंद वाट, मधेच रुंद होणारी खोली, डोक्यावर उजेडाचं एक भोक, आणि पाणी.

कागदावर ते असं उतरलं. एक चौकोन म्हणजे ५ फूट. बोगदा २ चौकोन रुंद. मधे ६ बाय ६ चौकोनांचा हौद, त्याच्या कडेने एक चौकोन रुंदीचा दगडी ओटा, ओट्याची उंची ४ फूट. हौदाच्या बरोबर मध्यावर, २० फूट वर, उच्छ्वासाचं तोंड आणि तिथून लोंबणारा दोर. बोगद्याचं एक टोक तलावाकडे, दुसरं शहराकडे. पार्टी शहराकडून येते.

नकाशा रंगीत आणि सुबक व्हावा म्हणून रात्री जागवू नका. मी प्रत्येक जागेत तीनच गोष्टी बघतो: काहीतरी उंच, काहीतरी आड, आणि काहीतरी बदलणारं. उंच म्हणजे ओटा, आड म्हणजे बोगद्याचे कोपरे आणि भरलेली पोती, बदलणारं म्हणजे पाणी.

मिनींबद्दल, म्हणजे नकाशावर ठेवायच्या छोट्या मूर्तींबद्दल, इथेच सांगून टाकतो. परदेशी मिनी सुंदर असतात आणि त्यांच्या किमतीही तशाच. पण दिवाळीत आपण किल्ला करतो त्यावरचे मातीचे मावळे घरात असतातच. नसतील तर दिवाळीच्या आधी कसब्यातल्या कुंभारवाड्यात एक फेरी मारा. मावळे, घोडेस्वार, तोफा, गवळणी, वाघ, सगळं मिळतं. फक्त हे मावळे एक इंचाच्या चौकोनात मावत नाहीत, म्हणून चौकोन दोन इंचांचे आखा. कार्डशीट आणि मोठे आलेख कागद अप्पा बळवंत चौकात मिळतात. तुळशीबागेतल्या भातुकलीच्या पितळी घंगाळ-परातींनी मी आजवर विहिरी, यज्ञकुंडं आणि एकदा तर राक्षसाचा मुकुट मांडलाय. हिट पॉइंट मोजायला चिंचोके: मार बसला की वाटीत चिंचोके टाकायचे. वाटी भरत गेलेली सगळ्यांना दिसते आणि त्याचा परिणाम टेबलावर होतो.

तिसरी पायरी: हिशोब, आणि तो दोनदा

आता पुस्तक उघडा. पार्टीत चार जण, सगळे तिसऱ्या लेव्हलचे. समोर म्होरकी आणि चार साथीदार. म्होरकीसाठी मी बॅन्डिट कॅप्टनचे आकडे घेतले: चॅलेंज रेटिंग (धोक्याची पातळी) २, म्हणजे ४५० एक्सपी (अनुभवाचे गुण). साथीदारांसाठी साधा बॅन्डिट: प्रत्येकी २५. एकूण ५५०.

२०१४च्या पुस्तकाप्रमाणे तिसऱ्या लेव्हलच्या एका पात्राला सोपा प्रसंग ७५, मध्यम १५०, कठीण २२५ आणि जीवघेणा ४०० एक्सपीपासून. चौघांसाठी ३००, ६००, ९०० आणि १६००. शत्रू एकाहून जास्त असले की एकूण एक्सपीला गुणायचं: दोघे असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट. आपले पाच आहेत, म्हणून ५५०चे ११०० झाले. उत्तर: कठीण.

२०२४च्या पुस्तकाने ही पटीची भानगड काढून टाकली. तिथे तिसऱ्या लेव्हलला प्रत्येकी १५०, २२५ आणि ४०० अशा तीनच मर्यादा आहेत, कमी, मध्यम आणि जास्त धोक्याच्या. चौघांची खालची मर्यादा ६००. आपले ५५० त्याच्याही खाली.

म्हणजे तोच प्रसंग एका पुस्तकात कठीण, दुसऱ्यात किरकोळ. नवा डीएम इथे गोंधळतो आणि त्यात त्याची चूक नाही. मी पुस्तकाचा हिशोब एकदा करतो आणि मग माझा हिशोब करतो. तो शाळेतल्या टाकीत पाणी भरण्याच्या गणितासारखा आहे: एक बाजू दुसरीला किती फेऱ्यांत रिकामी करते? (फेरी म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी.)

शत्रूची टाकी: म्होरकीचे ६५ आणि चौघांचे ११ प्रमाणे ४४, मिळून १०९ हिट पॉइंट. तिसऱ्या लेव्हलचं एक पात्र साधारण ६० टक्के वेळा वार लागू करतं आणि लागलेला वार सरासरी ८चा धरा. चौघांचे मिळून फेरीला १९. शत्रू संपायला सहा फेऱ्या जवळजवळ लागणार.

पार्टीची टाकी: फायटर (लढवय्या) २८, क्लेरिक (पुजारी) २४, रोग (चोरटा) २१, विझार्ड (जादूगार) १७, मिळून ९०. म्होरकी फेरीला तीन वार करते, ते सगळे लागले तर सरासरी १७. समोर १६ आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) असेल तर निम्मे लागतात, म्हणजे साडेआठ. साथीदाराचा वार सरासरी ४चा आणि लागण्याची शक्यता ४० टक्के. चौघांचे मिळून साडेसहाच्या आसपास. एकूण फेरीला १५. पार्टीही सहा फेऱ्यांतच रिकामी.

मंत्र आणि युक्त्या यात धरलेल्या नाहीत, त्यामुळे पार्टीचं पारडं प्रत्यक्षात जड असतं. तरीही सहाला सहा म्हणजे बरोबरीची झुंज झाली आणि कथेच्या मध्यावर मला ती नको होती. शिवाय सहा फेऱ्या म्हणजे आमच्या टेबलावर दोन तास. माझ्या अनुभवात लढाई तीन-चार फेऱ्यांत निकालाकडे झुकली पाहिजे. पाचव्या फेरीला लोक मोबाईल उचलतात.

अजून एक आकडा बघायचा: कुठल्या बाजूचे वार जास्त. शत्रूचे सात, पार्टीचे चार. राक्षस किती दांडगा आहे यापेक्षा एका फेरीत कोणाला किती वेळा काही करता येतं, यावर पाचव्या आवृत्तीत लढाया जास्त ठरतात. एकटा दांडगा ओग्र, ५९ हिट पॉइंटचा, पार्टीने घेरला की तीन फेऱ्यांत झोपतो. दहा फुटकळ गॉब्लिन मात्र पहिल्या लेव्हलच्या पार्टीला संपवू शकतात. एकट्या शत्रूला चार हस्तक द्या, गर्दीतल्या शत्रूंना दुसरं काम द्या.

तेच काम इथे गरजेतून मिळालं. म्होरकीला वह्या वर काढायच्यात ना? मग चौघांतला एक जण खाली पोती बांधतोय आणि एक वर उच्छ्वासाशी दोर ओढतोय. दोघे लढाईतून बाद. शत्रूचे वार सातावरून पाचावर आले, फेरीचा मार १५वरून १२वर. एकाही राक्षसाचा आकडा न बदलता प्रसंग हलका झाला, आणि तो खराही वाटू लागला.

चौथी पायरी: फेरीगणिक काय बदलतं ते आधीच लिहा

गावकऱ्यांनी रात्री तलावाकडची झडप पाडून नळ कोरडा केला होता. पहाटे पहारेकरी ती नेहमीप्रमाणे उघडतो. पार्टी हौदात पाऊल टाकते तेव्हाच दूरवरून घरघर ऐकू येते.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी घोट्यापर्यंत पाणी. चौथ्या फेरीला गुडघ्यापर्यंत, आता हौदाच्या तळात चालणं अवघड: ६ चौकोनांऐवजी ३. सहाव्या फेरीला कमरेपर्यंत, तळाशी ठेवलेलं पोतं भिजतं, कंदील विझतो. आठव्या फेरीला पोहावं लागतं. दुसऱ्या बाजूला, एक पोतं बांधून वर जायला दोन फेऱ्या. चार पोत्यांना आठ. म्हणजे कोणी काहीच केलं नाही तर गावकरी जेमतेम सुटतात आणि पार्टीने थोडा जरी अडथळा आणला तर सुटत नाहीत.

ही दोन घड्याळं मी कागदाच्या कडेला चौकटी आखून लिहिली आणि खेळाडूंना दिसतील अशी ठेवली. पाण्याचं घड्याळ लपवण्यात काही अर्थ नाही. ज्याला दिसतंय त्यालाच घाई होते. प्रत्येक प्रसंगाला घड्याळ लागतंच असं मात्र नाही. बिबट्याच्या प्रसंगाला मी ते कधीच लावणार नाही, तिथे शांतताच हवी.

पाचवी पायरी: कोण केव्हा माघार घेतं

शेवटच्या माणसापर्यंत लढणारे शत्रू हा बहुतेक लांबलेल्या लढायांचा आजार असतो. माझ्या दहा गॉब्लिनचाही तोच होता. सहा पडल्यावर उरलेले चार तिथे का थांबले होते?

जुन्या नियमांत याला सोपा उपाय होता. १९८१च्या बेसिक संचात प्रत्येक राक्षसाला धीराचा एक आकडा असे, २ ते १२ मधला. बाजूचा पहिला माणूस पडला किंवा निम्मे गळाले की दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. धीर ७ असेल तर पळण्याची शक्यता ३६त १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. पाचव्या आवृत्तीच्या टेबलावर हे जसंच्या तसं बसतं आणि मी ते बिनदिक्कत वापरतो. त्याच संचातून समोरच्याची पहिली प्रतिक्रियाही फाशांवर घेतो: २ आले तर थेट हल्ला, १२ आले तर मनापासून मैत्री, मधल्या बेरजांना संशय, सावधपणा, वाटाघाटी. डीएमलाही आपण काय खेळणार आहोत हे आधी माहीत नसणं फार चांगलं असतं.

साथीदारांना मी धीर ७ दिला, म्होरकीला १०. आणि एक ओळ जास्तीची लिहिली: 'वह्या भिजतायत असं दिसलं तर म्होरकी स्वतः बोलायला तयार.' ही ओळ गरजेवरून आली. आता माझा हिशोब पुन्हा बघा. दोन साथीदार पडले, २२. म्होरकी निम्म्यावर आली, ३३. एकूण ५५, फेरीला १९ प्रमाणे तीन फेऱ्या. सहा फेऱ्यांची झुंज तीन फेऱ्यांवर आली.

पार्टीलाही माघारीची वाट हवी. बोगद्याचं शहराकडचं टोक मी मोकळंच ठेवलं. पळून जाता येतं हे खेळाडूंना दिसत असेल तरच ते थांबायचा निर्णय घेतात, नाहीतर ते फक्त अडकलेले असतात.

सहावी पायरी: एका कार्डावर

आठ पानं तयारी केली तर टेबलावर ती पानं उलटण्यातच वेळ जातो. मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रसंग बसवतो. नळाच्या प्रसंगाचं कार्ड माझ्या वहीत अजून आहे:

'वह्या कोरड्या बाहेर (म्होरकी) / कोरड्या परत (पार्टी). हौद ६×६, ओटा ४ फूट, दोर २० फूट. म्होरकी ६५, आर्मर क्लास १५. साथीदार ११, आर्मर क्लास १२. एक बांधतो, एक वर ओढतो, दोघे लढतात. पाणी: २ घोटा, ४ गुडघा, ६ कंबर, ८ पोहणे. पोतं: दोन फेऱ्यांना एक. धीर ७ / १०. पहिलं वाक्य: "मागे फिरा, तुमच्याशी आमचं वैर नाही." वास: ओली माती, करंजाचं तेल.'

शेवटच्या दोन गोष्टी विसरू नका. समोरच्याचं पहिलं वाक्य लिहून ठेवलं नाही तर ऐनवेळी तोंडातून 'थांबा, कोण आहे तिकडे!' याखेरीज काही निघत नाही. आणि एक वास किंवा आवाज, दृश्याच्या लांबलचक वर्णनापेक्षा जास्त काम करतो.

तुमच्या कार्डावर 'कसं सुटेल' असा रकाना असेल तर तो खोडा. कसं सुटेल ते खेळाडूंना ठरवू द्या. कोडी रचताना हे फार जपावं लागतं, कारण एकच उत्तर असलेल्या कोड्यापुढे अख्खं सेशन अडून बसतं.

सातवी पायरी: टेबलावर

आधी जागा सांगा, मग बदलणारी गोष्ट, शेवटी माणसं. राक्षस आधी सांगितला तर बाकीचं कोणी ऐकत नाही. इनिशिएटिव्ह, म्हणजे कोणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा, कोणी शस्त्र उपसेपर्यंत मागू नका. 'इनिशिएटिव्ह टाका' म्हटलं की बोलण्याचे सगळे रस्ते बंद झाले असं खेळाडूंना वाटतं.

फासे मी सगळ्यांसमोर टाकतो. लढाई हाताबाहेर जातेय असं दिसलं तर आकडे चोरून बदलण्याऐवजी समोरच्याची गरज उघडी करतो: म्होरकी ओरडून सांगते की वह्यांत काय आहे, पहारेकरी शिट्टी फुंकायला वळतो, लांडगे खेचराकडे धावतात. आकड्याला हात न लावता प्रसंग वळवता येतो आणि खेळाडूंचा विश्वासही टिकतो. २०१४च्या पुस्तकात कथेतल्या एका दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण प्रसंगांची कल्पना आहे. तीन-चार तासांच्या बैठकीत आमचे दोन होतात, फार तर तीन. दोनच रचा, नीट रचा.

नळाचा प्रसंग त्याच चौघांबरोबर खेळलो, त्याच टेबलावर. पहिल्या फेरीत फायटरने एका साथीदाराला ओट्यावरून खाली ढकललं. दुसऱ्या फेरीत विझार्डने झोपेचा मंत्र टाकला आणि पोतं बांधणारा पोत्यावरच कलंडला. पाणी घोट्याला लागलं. साथीदारांच्या धीराचे फासे टाकले, ९ आले, ढकललेला माणूस आणि त्याच्याबरोबर लढणारा दुसरा बोगद्याकडे पळाले. म्होरकी एकटी लढत राहिली. तिसऱ्या फेरीला पुतणीच्या रोगची पाळी आली. तिने वार केला नाही. ती म्हणाली, "मी झोपलेल्याच्या हातातला दोर घेते आणि पोतं बांधते." मग म्होरकीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघून विचारलं, "वह्यांत काय आहे गं?"

पुढची चाळीस मिनिटं एकही वार झाला नाही. पाणी मात्र चढत होतं आणि मी चौकटी भरत होतो. शेवटी पार्टी आणि गावकऱ्यांनी मिळून तीन पोती वर काढली. चौथं भिजलं. नेमक्या त्याच पोत्यात म्होरकीच्या भावाचं गहाणखत होतं, हे मी कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.

पुढच्या महिन्यात हाच प्रसंग दुसऱ्या टेबलावर मांडणार आहे. त्या वेळी उच्छ्वास हौदाच्या मध्यावरून काढून तलावाकडच्या टोकाला नेईन, म्हणजे पोती वाढत्या पाण्याच्या दिशेने उचलून न्यावी लागतील. आणि चौथ्या पोत्यातल्या गहाणखताची गोष्ट म्होरकीच्या तोंडी दुसऱ्याच फेरीत घालेन.